सुनावणीला जा, आणि इतिवृत्त वाचून होईपर्यंत बसा

या वेळचं पत्र साक्री तालुक्यातून आलंय. लिहिणारीनं नाव देऊ नका म्हणून सांगितलंय. पत्र थोडं कमी करून देते.

"ताई, नमस्कार. आमचं गाव पांझरेच्या काठी. लग्न होऊन इथं आले त्याला नऊ वर्षं झाली. गावाच्या उगवतीला बरड आहे, तिथं साडेनऊ हेक्टरची दगडखदान आणि क्रशर येणार आहे. अकरा दिवसांपूर्वी पेपरात लोकसुनावणीची जाहिरात आली. नाल्यापलीकडे एक जुनी खदान आहेच, तिच्या सुरुंगांनी शाळेच्या भिंतीला तडा गेलाय. आमची विहीर बरडाच्या पायथ्याशी आहे, तिच्यावर चार एकर कापूस आणि थोडा कांदा होतो. माझ्या चुलत सासऱ्यांचे दोन डंपर नव्या खदानीवर लागणार असं ठरलंय. ते म्हणतात, हायवेला खडी लागते, पोरांना काम मिळेल, तुम्ही मधे पडू नका. गावातली तरुण पोरं म्हणतात सुनावणी उधळून लावू, नाहीतर बहिष्कार टाकू. सासूबाई म्हणतात, 'तठे जाईसन काय व्हई? तू बाईमाणूस, तू काय बोलशी?' मला बोलायचंय. पण काय बोलू, आणि बोलून काही होतं का? ग्रामपंचायतीत इंग्रजीतलं जाडजूड बाड येऊन पडलंय, कुणी उघडलेलं नाही. मी बी.ए.चं पहिलं वर्ष केलंय, इंग्रजी बेताचंच."

ताई, सगळ्यात आधी पोरांशी बोला, कारण बहिष्काराचं ठरलं तर बाकी काहीच उपयोगाचं राहणार नाही. ही सुनावणी १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या अधिसूचनेप्रमाणे होते, आणि तिथं किती माणसं हजर पाहिजेत याची काही अट नाही. गणसंख्या लागत नाही. ग्रामसभेला माणसं कमी पडली तर सभा तहकूब होते, तसं इथं होत नाही. मांडवात दहा माणसं असली तरी सुनावणी झाली, आणि त्या दहांत खदानवाल्यांनी गाडीत घालून आणलेले आठ असले तरीही झाली. कागदावर काय राहील? "सुनावणी शांततेत पार पडली, कोणीही हरकत घेतली नाही." गावानं बहिष्कार टाकला होता हे त्या कागदावर कुठंच दिसणार नाही.

उधळून लावण्याचं तर त्याहून वाईट. गावातल्या परिस्थितीमुळे लोकांना मोकळेपणानं बोलता येईल अशी सुनावणी घेणं शक्य नाही, असा अहवाल गेला तर सुनावणी न घेताच प्रकरण पुढे नेण्याची वाट त्याच अधिसूचनेत ठेवलेली आहे. म्हणजे पोरांनी खुर्च्या फेकल्या तर नुकसान खदानवाल्याचं नाही, गावाचंच. पोरांचा राग खोटा आहे असं मी म्हणत नाही. शाळेची भिंत तडकलेली रोज बघायची आणि गप्प बसायचं, हे सोपं नाही. त्या रागाला त्या दिवशी मांडवात पुढच्या रांगेत बसवा, हातात कागद देऊन.

आता ही सुनावणी म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण गावात याबद्दल दोन गैरसमज हमखास असतात. एक, की तिथं हात वर करून मतदान होतं. होत नाही. दुसरा, की तिथं बसलेले साहेब खदान मंजूर किंवा नामंजूर करतात. तेही नाही. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या वतीनं अपर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी असतो, सोबत प्रदूषण नियंत्रण मंडळाचा माणूस असतो. त्यांचं काम ऐकून घेणं आणि नोंदवणं. निर्णय होतो राज्यस्तरावरच्या प्राधिकरणात, तज्ज्ञ समितीच्या शिफारशीवरून. त्या समितीतले बहुतेक जण तुमचं गाव कधी बघणार नाहीत. त्यांच्यासमोर पर्यावरणावरच्या परिणामांचा अहवाल असतो, म्हणजे तुमच्या ग्रामपंचायतीत पडलेलं ते बाड, आणि त्याला जोडलेलं सुनावणीचं इतिवृत्त असतं. तुमची विहीर त्या इतिवृत्तात आली तर त्यांना दिसेल. नाही आली तर त्यांच्या दृष्टीनं ती विहीर नाहीच.

हे मी इतक्या जोरानं सांगते त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या जळगावकडे अशाच एका सुनावणीला मी गेले होते. कुठली, कुणाची, ते इथं सांगत नाही. अकराची वेळ होती, सुरू व्हायला बारा वाजले. कंपनीच्या माणसानं पडद्यावर चित्रं दाखवली, त्यात झाडंच झाडं. मग एक म्हातारे शेतकरी उठले. उपरणं खांद्यावर, हातात काही नाही. पाऊण शतकातलं सगळं पाणी त्यांच्या डोक्यात होतं: बहात्तरच्या दुष्काळात कुठली विहीर टिकली, कुठल्या नाल्याला दिवाळीपर्यंत पाणी असतं, बोअर मारायला लागल्यापासून काय झालं. पंधरा मिनिटं बोलले. माणसं टाळ्या वाजवत होती. दुपारी जेवणाची पाकिटं आली, उन्हानं मांडव तापला, तीनच्या गाडीला बायाबापड्या निघून गेल्या. साडेचारला इतिवृत्त वाचलं गेलं तेव्हा मांडवात मी धरून नऊ माणसं होती. त्या म्हाताऱ्यांच्या पंधरा मिनिटांचं झालं होतं एक वाक्य: "ग्रामस्थांनी पाण्याबाबत चिंता व्यक्त केली व स्थानिकांना रोजगाराची मागणी केली." रोजगाराचं ते बोललेच नव्हते. दुरुस्ती करा म्हणायला ते तिथं नव्हते, आणि मला त्या वेळी हे म्हणता येतं हेच माहीत नव्हतं. ती बोच अजून आहे.

म्हणता येतं, ताई. नियमच तसा आहे. सुनावणी संपताना नोंदवलेला सारांश स्थानिक भाषेत सगळ्यांना वाचून दाखवायचा, समजावून सांगायचा, आणि मान्य झालेल्या इतिवृत्तावर त्याच दिवशी सही व्हायची. वाचताना तुमचं म्हणणं गाळलं असेल तर उभं राहून "हे असं लिहा" म्हणायचा हक्क तुम्हाला आहे. पूर्ण कामकाजाचं व्हिडिओ चित्रण होतं, तेही नियमातलंच. त्याची प्रत पुढे माहिती अधिकारात मागता येते.

आता ते बाड. इंग्रजीला घाबरू नका. अहवालाचा सारांश मराठीत असलाच पाहिजे, आणि तो ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा उद्योग केंद्र आणि प्रदूषण मंडळाच्या कार्यालयात बघायला मिळालाच पाहिजे. मंडळाच्या संकेतस्थळावरही असतो. लोकांना किमान तीस दिवसांची सूचना द्यायची असते. अकरा गेले, एकोणीस हातात आहेत. मराठी सारांश ग्रामपंचायतीत नसेल तर आजच लेखी अर्ज करून मागा आणि पोच घ्या. तीस दिवस अहवाल लोकांना बघायलाच मिळाला नाही, ही एकच गोष्ट सुनावणीला नंतर आव्हान द्यायला मोठा आधार होते. ती सिद्ध करायला तुमच्याकडे ती पोच पाहिजे.

मूळ बाडही उघडा. सगळं वाचायचं नाही. चार-पाच ठिकाणं शोधायची.

पहिलं ठिकाण: माहिती कुठल्या महिन्यांत गोळा केली. हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे आणि गावाशिवाय तो कुणाला पकडता येत नाही. नियमाप्रमाणे पावसाळा सोडून एका हंगामाची, म्हणजे तीन महिन्यांची मोजणी पुरते. हे लोक बऱ्याचदा मार्च ते मे घेतात. तुमच्या शिवारात मार्च ते मे काय दिसतं? कापूस उपटून झालेला, कांदा निघालेला, नांगरलेली ढेकळं, नाला कोरडा ठक्क. अहवालात त्या जमिनीला "पडीक" किंवा "हंगामी पीक" म्हणून एका रंगात रंगवून टाकतात आणि नाल्याला नुसती निळी तुटक रेघ. ऑगस्टमध्ये तोच नाला बरडावरचं पाणी घेऊन कसा धो धो येतो, हे त्या तीन महिन्यांत मोजायला आलेल्याला कसं दिसणार? खदानीची माती, मुरूम आणि दगडाचा भुगा त्याच नाल्यानं खाली येणार.

आणि खाली काय आहे? पांझराकाठचं गाव म्हणता, म्हणजे बंधारा आणि पाट असणार. तुमच्या भागातली फड पद्धत शेकडो वर्षांची आहे. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट, गावाच्या जमिनीचे फड पाडलेले, एका फडात सगळ्यांचं एकच पीक, पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, देखरेखीला हवालदार. सरकारी कालवे यायच्या कितीतरी आधी आपल्या लोकांनी हे बांधलं आणि आपसात भांडणं मिटवत चालवलं. मला याचा फार अभिमान आहे, ते लपवत नाही. तुमच्या गावात फड अजून चालत असेल किंवा मोडकळीला आला असेल, तरी पाट आहे का, त्यातून किती शेतकऱ्यांना पाणी जातं, हे लिहून काढा. मग अहवालात "फड", "बंधारा", "पाट" यांचा उल्लेख आहे का शोधा. नसेल तर तुमच्या बोलण्याचं पहिलं वाक्य तयार झालं: "खदानीच्या नाल्याखाली इतक्या मीटरवर आमचा पाट आहे, अहवालात तो नाही." गाळ पाटात बसला की पाटाची चारी दरवर्षी कोण उपसणार, हा दुसरा प्रश्न.

दुसरं ठिकाण: पाण्याच्या पातळीचा तक्ता. अहवालात आसपासच्या काही विहिरींची खोली आणि पाणी दिलेलं असतं. तुमच्या गावातली कुठली विहीर घेतलीय ते पाहा. बऱ्याचदा बरडापासून लांबची, रस्त्याकडेची, मोजायला सोपी अशी विहीर घेतात. आपल्याकडचा दगड काळा, बेसॉल्ट. त्याच्या अखंड थरात पाणी नसतं. पाणी असतं ते वरच्या कुजलेल्या थरात आणि फटींमध्ये. विहिरी त्यावरच चालतात. खदान त्या थराच्या खाली गेली की फटींतलं पाणी खदानीच्या खड्ड्याकडे वळू शकतं, आणि सुरुंगांनी फटी हलल्या तर झरा जागा बदलतो. म्हणून खदान किती खोल जाणार आणि पाणी किती खोलीवर लागतं, हे दोन आकडे अहवालातून काढून शेजारी शेजारी लिहा. खोदाई पाण्याच्या पातळीला छेदत असेल तर त्याबद्दल अहवाल काय म्हणतो ते विचारा.

आणि तुमची विहीर तुम्ही स्वतः मोजा. उद्या सकाळी मोटर सुरू करायच्या आधी काठापासून दोराला दगड बांधून सोडा. दगड पाण्याला टेकला की दोराला गाठ मारा, वर काढून टेपनं मोजा. परसाच्या मापात सांगू नका, मीटरमध्ये लिहा. तारीख, वेळ, शेजारच्या एका माणसाची सही. बरडाच्या पायथ्याच्या अजून पाच-सहा विहिरींचं असंच करा. बायांना बरोबर घ्या, दोन सकाळींचं काम आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी तालुक्यात असतात, त्यांची पातळी वर्षातून चार वेळा मोजली जाते. तुमच्या जवळच्या विहिरीच्या नोंदी मागून घ्या. तुमचे आकडे आणि त्यांचे आकडे एका कागदावर आले की "चिंता व्यक्त केली" असं एका वाक्यात गुंडाळणं अवघड जातं. आज खदान झाली नाही तरी हे आकडे कामाला येतील आणि झाली तर त्याहून जास्त येतील, कारण पाच वर्षांनी विहीर आटली तेव्हा "आधीपासूनच कोरडी होती" असं तुम्हाला कुणी म्हणू शकणार नाही.

तिसरं, हवा. तक्त्यात धुळीचा आकडा असेल, पीएम १० म्हणून. चोवीस तासांची मर्यादा एका घनमीटर हवेत १०० मायक्रोग्रॅम. अहवालातले आकडे त्याच्या आतच असतात. मोजणीचं यंत्र कुठं ठेवलं होतं ते बघा, जुन्या खदानीच्या वाऱ्याला की आडोशाला. पण तुमचं खरं म्हणणं आकड्यापेक्षा कापसात आहे. जुन्या खदानीजवळच्या शेतातली पाच-सहा पानं आणि दोन फुटलेली बोंडं तोडून पांढऱ्या कागदात बांधा, दुसऱ्या पुडीत लांबच्या शेतातली. पानावरून बोट फिरवलं की राखाडी रेघ उठते ती कागदावर उमटवा. बोंडात बसलेली बारीक कच व्यापारी बरोबर ओळखतो आणि भाव पाडतो, हे मी तुम्हाला सांगायला नको. क्विंटलमागे किती तोडले, त्याची एखादी पावती कुणाकडे असेल तर शोधा. त्या दोन पुड्या अध्यक्षांच्या टेबलावर ठेवा आणि इतिवृत्तात नोंद करा म्हणा.

चौथं, जुनी खदान. दोन खदानींच्या हद्दी एकमेकींपासून ५०० मीटरच्या आत असतील तर त्यांना समूह धरायचं असतं, म्हणजे दोघींचा मिळून परिणाम बघायचा. अंतर मोबाइलच्या नकाशावर मोजा. अहवालात जुनी खदान दाखवलेलीच नसेल तर ते लेखी विचारा. अधिसूचनेत स्पष्ट आहे की महत्त्वाची माहिती जाणूनबुजून लपवली किंवा खोटी, दिशाभूल करणारी दिली तर अर्ज फेटाळता येतो आणि मिळालेली मंजुरीही रद्द करता येते. हे वाक्य तुमच्या अर्जात येऊ द्या. आरडाओरडीपेक्षा त्याचं वजन जास्त असतं.

क्रशरचं मात्र वेगळं. दगड फोडण्याच्या यंत्राला प्रदूषण मंडळाची संमती लागते, १९७४ च्या पाणी कायद्याखाली आणि १९८१ च्या हवा कायद्याखाली. खदानीची सुनावणी झाली म्हणजे क्रशरचं सगळं झालं असं नाही. तिथंही गाव अर्ज देऊ शकतं.

आता चुलत सासरे. पत्रात तुम्ही त्यांच्याबद्दल दोनच ओळी लिहिल्यात, पण मला वाटतं रात्री झोप उडवणारी गोष्ट तीच आहे. सुनावणीच्या आधी त्यांना भेटा. चहा घेऊन जा आणि सरळ सांगा, "आबा, मी विहिरीबद्दल बोलणार आहे. तुमच्या डंपरबद्दल एक शब्द काढणार नाही." मांडवात अचानक सून उभी राहिली तर ते त्यांना अपमानासारखं लागेल. आधी कळलं तर राग येईल, पण तो घरातला राग राहील. आणि त्यांचं म्हणणं खोटं आहे असंही नाही. रस्त्याला खडी लागते. सुरत–नागपूर महामार्ग काय मातीवर उभा आहे? पण खडी पाहिजे म्हणून ती याच बरडावरून, याच खोलीपर्यंत, शाळेपासून एवढ्याच अंतरावरून आणि गावातूनच डंपर नेऊन काढली पाहिजे, असं कुठं आहे? हा फरक आबांना कळेल. त्यांचीही विहीर त्याच शिवारात आहे ना?

सरसकट "नको" म्हणायचंय की "हे हे झालं तरच" म्हणायचंय, हे गावानं ठरवावं, मी बाहेरून सांगणार नाही. फक्त नकोच म्हणायचं असलं तरी अटीही लिहून द्या, असं माझं मत आहे. मंजुरी मिळाली तर निदान त्या अटी तिला चिकटतील. पहिला सुरुंग उडायच्या आधी पायथ्याच्या प्रत्येक घराची, शाळेची आणि विहिरीची फोटोसकट नोंद करून दोन्ही बाजूंच्या सह्या. सुरुंगाची ठरलेली वेळ आणि भोंगा. खदानीभोवती चर आणि नाल्यात जाण्याआधी गाळ बसायला खड्डा. क्रशरवर पत्र्याचं आच्छादन. धूळ बसवायला पाणी मारणार म्हणतात, तर ते पाणी कुठून आणणार? आपल्याकडे एप्रिलमध्ये प्यायचं पाणी टँकरनं येतं, तेव्हा हा प्रश्न हटकून विचारा. डंपरचा रस्ता गावाबाहेरून. आणि सुरुंगाचे दगड पडतील तिथं कापूस वेचणाऱ्या बाया असतात, त्यांचं काय? हे फक्त तुम्हीच विचारू शकता, कारण वेचणीला बायाच जातात.

सासूबाईंना सांगा, बाईमाणूस तिथं बोलू शकते की नाही हा प्रश्नच नाही. पण एकटीनं बोलू नका. आपल्या कायद्यात नेहमीच्या ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची तरतूद आहे, बहुतेक गावांत ती कागदावरच होते. ती सरपंचांकडे लेखी मागा. पाणी, धूळ आणि शाळेची भिंत या तीनच विषयांवर ठराव करून घ्या आणि तो ग्रामसभेतही मांडा. ठरावाची सही-शिक्क्याची प्रत हातात घेऊन तुम्ही मांडवात उभ्या राहिलात की कुणाची तरी सून बोलत नाही, गावच्या बायांचा ठराव बोलतोय.

अजून एक तपासा. साक्री तालुक्याचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. तुमचं गाव पेसाच्या, म्हणजे अशा क्षेत्रातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणाऱ्या कायद्याच्या, यादीत असेल तर गोष्ट बदलते. १९९६ च्या पेसा कायद्याप्रमाणे तिथं गौण खनिजाचा पट्टा द्यायच्या आधी ग्रामसभेची किंवा योग्य स्तरावरच्या पंचायतीची शिफारस बंधनकारक आहे, आणि दगड हा गौण खनिजच आहे. तहसील कार्यालयात किंवा ग्रामसेवकांकडे यादी मिळेल. गाव यादीत नसेल तर ग्रामसभेचा ठराव खदान थांबवू शकत नाही, पण तो इतिवृत्ताला जोडता येतो.

बोलून काही होतं का, असं तुम्ही विचारलंत. खरं सांगते, बहुतेक प्रकल्पांना मंजुरी मिळतेच, अटी घालून. पण नेहमी नाही. छत्तीसगडमधल्या रायगड जिल्ह्यात एका कोळसा खाणीची सुनावणी जानेवारी २००८ मध्ये झाली होती, लाठीमार झाला होता. लोकांनी पाठपुरावा सोडला नाही आणि एप्रिल २०१२ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं ती सुनावणी नियमानं झालीच नाही म्हणून मंजुरी रद्द केली. त्याआधी २००९ मध्ये गोव्यातल्या एका लोहखनिज खाणीच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयानं सांगितलं की सुनावणीत आलेल्या हरकतींचा तज्ज्ञ समितीनं विचार करायला हवा आणि त्याची कारणं लिहायला हवीत. म्हणजे तुमची हरकत जितकी नेमकी, तितकं तिला नुसतं "नोंद घेतली" म्हणून बाजूला सारणं अवघड. "प्रदूषण होईल" याला उत्तर देणं सोपं आहे, झाडं लावू म्हणतात. "नाल्याखालचा पाट अहवालात नाही" याला झाडांनी उत्तर देता येत नाही.

मंजुरी मिळालीच तर ती सात दिवसांत दोन पेपरांत जाहीर करावी लागते, एक मराठी, आणि ग्रामपंचायतीत लावावी लागते. तिच्याविरुद्ध हरित न्यायाधिकरणात तीस दिवसांत अपील करता येतं, सबळ कारण असेल तर आणखी साठ दिवसांपर्यंत. आपल्यासाठी त्याचं खंडपीठ पुण्यात आहे. मंजुरीतल्या अटी पाळल्याचा अहवाल खदानवाल्यानं दर सहा महिन्यांनी द्यायचा असतो. तो मागत राहणं हे गावाचं पुढच्या कितीतरी वर्षांचं काम आहे. तुमच्यातली दोन पोरं आत्तापासून त्याला लावून द्या, खुर्च्या फेकण्यापेक्षा हे बरं.

सुनावणीला येऊ न शकणाऱ्यांनी काय करायचं? सुरतला, नाशिकला कामाला गेलेली पोरं, पुण्यात शिकणारे, सगळे लेखी हरकत पाठवू शकतात. जाहिरातीत पत्ता दिलेला असतो. एकाच मजकुराच्या शंभर प्रती नकोत. ज्यानं त्यानं आपल्या शेताबद्दल, आपल्या घराबद्दल लिहावं.

आता त्या दिवसाचं. बोलायला तीन-चार मिनिटं मिळतील असं धरा आणि तेवढंच तयार करा. आधी नाव, गट नंबर, बरडापासून शेत किती मीटर. मग पाट. मग विहिरीचे आकडे. मग कापसाच्या पुड्या. मग प्रश्न, एकेक, आणि प्रत्येक प्रश्नाला कंपनीच्या माणसाकडून तिथंच उत्तर मागा, कारण माहिती आणि खुलासा विचारण्याची संधी लोकांना द्यायचीच असते. अहिराणीत बोलायचं असेल तर बिनधास्त बोला. "आमनी इहीर बरडना पायथाले शे" हे ऐकून मांडवातल्या बाकीच्या बायांनाही तोंड उघडावंसं वाटेल. फक्त लिहून देण्याच्या कागदावर तेच मराठीत असू द्या. दोन प्रती काढा, एक टेबलावर द्या, दुसरीवर पोच आणि तारीख घ्या. घाम फुटेल, आवाज कापेल, त्यानं काही बिघडत नाही. कागद हातात असला की वाचून दाखवता येतो.

आणि हजेरीच्या वहीत सगळ्यांनी सह्या करा, आल्याबरोबर. जेवणाची पाकिटं आली तरी उठू नका. इतिवृत्त वाचायला चार-साडेचार वाजतील, तोपर्यंत शेवटची गाडी निघून गेलेली असेल. म्हणून आधीच गावातल्या कुणाचा तरी छोटा हत्ती सांगून ठेवा, वीस-पंचवीस बाया परत आणायला. जमलं तर आबांनाच विचारा, त्यांच्या ओळखीत गाडी असेलच.